उत्पन्न आणि क्षमता : उज्जैनच्या आर्थिक इतिहासातून विकासधोरणाचा विचार

प्रास्ताविक

विकसनशील देशांचे अर्थशास्त्र महाविद्यालयात शिकविताना भांडवलाची टंचाई, लोकसंख्येचा भार, परकीय चलनाची चणचण, आयात-पर्यायी औद्योगिकीकरण, निर्यातवृद्धी असे विषय क्रमाने घेतले जातात. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. या धोरणांचा आपल्या मोहल्ल्याशी, आपल्या वडिलांच्या कामधंद्याशी काही संबंध आहे असे त्यांना क्वचितच वाटते. प्रस्तुत लेखात हा विषय एका शहराच्या आधारे मांडला आहे. ते शहर म्हणजे माळव्यातील उज्जैन.

उज्जैनची निवड करण्यास कारण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत या शहराचा उल्लेख 'ओझिनी' असा येतो. येथून अकीक, मलमल आणि साधे कापड भडोच बंदराकडे जात असे, अशी नोंद तीत आहे. अठराव्या शतकात शिंद्यांची राजधानी येथे होती. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी आपला तळ ग्वाल्हेरला हलविला आणि त्या छावणीचे 'लष्कर' हे नाव आजही ग्वाल्हेरच्या एका भागाला आहे. त्याच अठराव्या शतकात दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंचे पीठही काही काळ उज्जैनला होते. मराठी सरदार, गुजराती-मारवाडी पेढ्या, बोहरा व्यापारी, मुसलमान छीपा कारागीर आणि माळव्याचा शेतकरी या सर्वांच्या श्रमाने हे शहर वाढले.

या शहरात गेल्या दोनशे वर्षांत पैसा तीन वेळा मोठ्या प्रमाणावर आला. प्रथम अफूतून, नंतर कापडगिरण्यांतून आणि आता तीर्थयात्रेतून. पहिले दोन्ही ओघ आटले. ओघ आटल्यानंतर लोकांच्या हाती काय उरले, हा प्रश्न या लेखाच्या केंद्रस्थानी आहे. कोणत्याही विकासधोरणाची परीक्षा ते चालू असताना किती उत्पन्न आले यावरून जेवढी होते, त्यापेक्षा ते संपल्यावर माणसांत कोणती क्षमता शिल्लक राहिली यावरून अधिक खरी होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

अफूचा काळ

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा इंग्रजांनी पराभव केला. महिदपूर आज उज्जैन जिल्ह्यात आहे. पुढील वर्षभरात माळव्यावर कंपनी सरकारचे वर्चस्व प्रस्थापित झाले. मात्र प्रदेश संस्थानिकांच्याच ताब्यात राहिला आणि कंपनीपुढे एक अडचण उभी राहिली. बंगाल-बिहारमध्ये अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. माळव्यातील अफू मात्र देशी सावकार व व्यापारी यांच्या हाती होती आणि ती दमण, दीव या पोर्तुगीज बंदरांतून चीनकडे जात होती. कंपनीने प्रथम स्वतः खरेदी करून, नंतर करार करून हा व्यापार ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. तो फसला. अखेर १८३० च्या सुमारास पेटीमागे परवाना शुल्क घेऊन माल मुंबईमार्गे जाऊ देण्याची पद्धत सुरू झाली. १८४३ मध्ये सिंध खालसा होऊन कराचीची वाट बंद झाल्यावर हे शुल्क वाढतच गेले.

इतिहासकार अमर फारूकी यांनी दाखवून दिले आहे की या व्यापारामुळे पश्चिम व मध्य भारतातील देशी व्यापाऱ्यांच्या हाती भांडवल साठले. शेतकऱ्याला सावकार आगाऊ रक्कम देई, पीक आपल्या ताब्यात घेई. पेढ्यांच्या हुंड्या चालत आणि भावावर सट्टा खेळला जाई. मुंबईत जमशेटजी जीजीभाई, त्यांचे भागीदार मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान व्यापारी मुहम्मद अली रोगे यांच्यासारखे लोक या व्यवहारात अग्रभागी होते. जमशेटजींच्या देणगीतून मुंबईत रुग्णालय आणि कलाशाळा उभी राहिली. चीनमधील लाखो माणसांच्या व्यसनावर हा पैसा उभा होता, ही गोष्टही विसरता येत नाही.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारता येईल. एकाच पिकाच्या नफ्यातून मुंबईला रुग्णालय, शाळा, जहाजे आणि पुढे गिरण्या मिळाल्या, तर ते पीक घेणाऱ्या माळव्यातील शेतकऱ्याला काय मिळाले? त्याच्याकडे अफू चिरण्याचे व चीक गोळा करण्याचे कसब होते. पण भाव ठरविण्याचा अधिकार नव्हता, प्रक्रिया-उद्योग नव्हता, शाळा नव्हती. १९०७ मध्ये भारत सरकार व चीन यांच्यात अफूची निर्यात टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले आणि १९१३ पर्यंत ती जवळजवळ थांबली. पिकाचा निर्णय हजारो मैल दूर झाला. कच्च्या मालावर जगणाऱ्या सर्वच देशांची ही कहाणी आहे. १९५० च्या सुमारास राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी प्राथमिक मालाच्या निर्यातदार देशांविषयी जो सिद्धांत मांडला, त्याचे पहिले उदाहरण म्हणून लॅटिन अमेरिकेऐवजी माळव्याची अफू घेतली तर विद्यार्थ्याला तो लवकर उमगेल.

गिरण्यांचा काळ

निर्यात थांबत असतानाच या भागातील व्यापारी भांडवल कापसाकडे वळले. माळव्याची काळी जमीन कापसाला अनुकूल, रेल्वे आलेली, आणि संस्थानी राज्यकर्ते उद्योगांना उत्तेजन देणारे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (कारकीर्द १८८६ ते १९२५) यांनी उद्योगपतींना सवलती देऊन बोलाविले. उज्जैनच्या जुन्या गिरण्यांत बोहरा व्यापारी शेठ नजरअली यांच्या नावाची गिरणी होती. झालरापाटणच्या विनोदीराम बालचंद या पेढीच्या नावाने विनोद मिल ओळखली जाई. इंदूरचे सर हुकूमचंद यांनी अफू व कापसाच्या व्यापारातून मिळविलेले भांडवल गिरण्यांत घातले. उज्जैनची हिरा मिलही शहराच्या रोजच्या जीवनाचा भाग बनली. भोंग्यावर शहर उठत असे आणि भोंग्यावरच झोपत असे.

अफूपेक्षा हा टप्पा निश्चितच वरचा होता. कच्चा माल येथेच पक्का होऊ लागला. साचेवाला, जॉबर, रंगखात्यातील मिस्त्री, फिटर अशी कामे निर्माण झाली. कामगार संघटना आल्या, भविष्यनिर्वाह निधी आला, मुले शाळेत जाऊ लागली. गिरणीतील कायम कामगार असणे म्हणजे लग्नाच्या बाजारातही मान होता.

स्वातंत्र्योत्तर धोरण : हेतू आणि परिणाम

स्वातंत्र्यानंतर कापडाबाबत एक मोठी धोरणात्मक निवड करावी लागली. १९५४ मध्ये कानुनगो समितीने हातमागांचे टप्प्याटप्प्याने यंत्रमागांत रूपांतर करावे अशी शिफारस केली. पुढच्याच वर्षी पुण्याचे अर्थतज्ज्ञ प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वेगळा मार्ग सुचविला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत अवजड उद्योगांवर भर राहणार होता आणि त्यात रोजगार कमी निर्माण होणार होते. म्हणून कापडाची वाढती मागणी शक्यतो विकेंद्रित क्षेत्राकडे राहावी आणि तंत्र सुधारावे, पण बेकारी न वाढविता, असा कर्वे समितीचा विचार होता. गिरण्यांच्या विणकामक्षमतेवर मर्यादा आल्या, हातमागाला करांत सवलती मिळाल्या.

हेतू मानवी होता. परिणाम मात्र अपेक्षेप्रमाणे झाला नाही. हातमाग व गिरणी यांच्या मधल्या जागेत यंत्रमाग वाढला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर ही त्याची केंद्रे बनली. १८५७ नंतर उत्तरेकडून मालेगावात येऊन स्थायिक झालेल्या मोमीन विणकरांच्या वंशजांना त्यात रोजगार मिळाला. परंतु तो कमी मजुरीचा, असंघटित आणि कायद्याच्या संरक्षणाबाहेरचा होता. गिरण्यांवर १९६४ पासून नियंत्रित दराचे जाडेभरडे कापड काढण्याची सक्तीही आली. १९५०-५१ मध्ये देशातील सुमारे चार-पंचमांश कापड गिरण्यांत विणले जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आला.

दोष केवळ सरकारचा नव्हता. अनेक मालकांनी नफ्याच्या वर्षांत नवी यंत्रे घेतली नाहीत आणि पैसा अन्यत्र वळविला. गिरणी आजारी पडली की ती सरकारने घ्यावी, अशी मागणी होई. १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात उज्जैनची हिरा मिल होती. रोजगार वाचला, पण यंत्रे तीच राहिली. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने प्रथमच मान्य केले की काही गिरण्या बंद कराव्या लागतील. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत उज्जैनच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले.

कामगारांसाठी काय केले गेले, याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. १९८६ मध्ये कापडगिरणी कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू झाली. गिरणी कायमची बंद झाल्यास पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के इतके साहाय्य मिळत असे. तीन वर्षांत कामगार दुसरे काम शोधील, असे गृहीत धरले होते. ४५ वर्षांच्या साचेवाल्याने उतरत्या रकमेवर नवे कसब कोठे शिकावे, याचे उत्तर योजनेत नव्हते. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीत पुनर्प्रशिक्षणाचा उद्देश स्पष्ट लिहिला होता. प्रत्यक्षात त्यातील बहुतांश रक्कम स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर खर्च झाली.

देणी मिळण्याची गती तर सर्वज्ञात आहे. उज्जैनच्या विनोद मिलच्या कामगारांचा प्रश्न दीर्घकाळ न्यायालयात राहिला. शेजारच्या इंदूरमधील हुकूमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी देण्यात आला. मध्ये तीस वर्षांहून अधिक काळ गेला. अनेक घरांत ती रक्कम विधवेने किंवा नातवाने स्वीकारली. गिरणीच्या जमिनीचे मोल दरवर्षी वाढत होते. साचेवाल्याच्या हातातील कसबाचे मोल मात्र ज्या दिवशी भोंगा थांबला त्याच दिवशी शून्य धरले गेले. त्या कसबाचे प्रमाणपत्र कोणी दिले नव्हते. ते गिरणीच्या हजेरीपटाशी बांधलेले होते.

इतर देशांतील अनुभव

या ठिकाणी काही देशांशी तुलना उपयुक्त ठरेल.

बांगलादेशात १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'देश गारमेंट्स' या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि आपले १३० कर्मचारी सुमारे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी कोरियात पाठविले. पुढील काही वर्षांत त्यांपैकी ११५ जण कंपनी सोडून गेले. कंपनीच्या दृष्टीने हे नुकसान होते. देशाच्या दृष्टीने मात्र तोच फायदा ठरला, कारण त्यांतील अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभारून दिले. कौशल्य कंपनीत न अडकता माणसाबरोबर चालत गेले. या उद्योगाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझा इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. निर्यातीचे आकडे वाढले म्हणजे कामगाराचा जीव सुरक्षित झाला असे होत नाही.

दक्षिण कोरियाने १९५० च्या सुमारास जमीनसुधारणा केल्या, त्याच दशकात प्राथमिक शिक्षण सर्वत्र पोहोचविले आणि नंतर निर्यातीकडे मोर्चा वळविला. उद्योगांना स्वस्त कर्ज मिळे, पण त्याबरोबर निर्यातीचे लक्ष्य पूर्ण करण्याची अट असे. आपल्याकडे संरक्षण दिले गेले, अट मात्र घातली गेली नाही, किंवा घातली तर पाळली गेली नाही.

बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे हिरे सापडले. त्या उत्पन्नाचा मोठा भाग रस्ते, शाळा व दवाखाने यांवर खर्च झाला. हिऱ्यांवरील अवलंबन त्यामुळे संपले नाही, ही त्याची मर्यादा आहे. तरीही ज्या देशांत तेलाचा पैसा सत्तेच्या वर्तुळातच फिरत राहिला, त्यांच्यापेक्षा त्याची स्थिती वेगळी दिसते.

हे सर्व अनुभव एकत्र ठेवले की पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब-उल-हक यांनी १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे पहिला मानव विकास अहवाल का सिद्ध केला, हे लक्षात येते. अमर्त्य सेन यांच्या क्षमता-विचाराचा त्याला आधार होता. राष्ट्रीय उत्पन्न हे साधन आहे, माणसाला काय करता येते आणि काय होता येते हा विकासाचा मापदंड आहे, ही त्यामागील भूमिका.

मध्य प्रदेशाचा एक वेगळा प्रयत्न

ज्या दशकात उज्जैनच्या गिरण्या बंद पडत होत्या, त्याच दशकात मध्य प्रदेशाने एक महत्त्वाचे पाऊल उचलले. १९९५ मध्ये स्वतःचा मानव विकास अहवाल प्रसिद्ध करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. १ जानेवारी १९९७ पासून तेथे शिक्षण हमी योजना सुरू झाली. ज्या वस्तीत एक किलोमीटरच्या आत शाळा नाही, तेथील ४० मुलांच्या पालकांनी (आदिवासी भागात २५) मागणी केल्यास ९० दिवसांत शाळा देण्याची हमी त्यात होती. आजच्या मध्य प्रदेशाच्या हद्दीतील साक्षरता १९९१ मध्ये सुमारे ४५ टक्के होती, ती २००१ मध्ये सुमारे ६४ टक्के झाली.

या योजनेवर टीकाही झाली. गावातील 'गुरुजी'ला अल्प मानधन देऊन दुय्यम दर्जाची शाळा गरिबांच्या पदरी टाकली, हा आक्षेप निराधार नव्हता. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते की येथे सरकारने वस्तूऐवजी क्षमतेची हमी दिली. उणीव एवढीच राहिली की मुलाला शाळा मिळाली त्याच काळात त्याच्या वडिलांचे काम गेले, आणि वडिलांसाठी शिकण्याची कोणतीही हमी नव्हती.

भैरूगडचा छापा

उज्जैन शहराच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी भैरूगड आहे. येथील मुसलमान छीपा कारागिरांची वस्ती जुनी आहे. छीपा हा शब्द 'छापणे' या क्रियेवरून आला. महाराष्ट्रात याच कामाशी जवळीक असलेला शब्द 'रंगारी', आणि छापील कापडाला मराठीत 'चीट' म्हणत, ज्यावरून इंग्रजांनी आपला शब्द बनविला. लाकडी ठशांनी कापड छापणे हे येथील मूळ काम. पुढे मेणाचे काम, म्हणजे बाटिक, या वस्तीची ओळख बनले. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढायची, थंड रंगात बुडवायची, मेणाच्या भेगांतून रंगाच्या शिरा उमटू द्यायच्या आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण सोडवायचे, असा हा क्रम.

अफू गेली, गिरण्या गेल्या, छापा मात्र टिकला. याचे कारण शोधताना दोन गोष्टी दिसतात. एक, येथे कसब हजेरीपटावर नव्हते, ते घरात होते. बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे गेले. दोन, भांडवल कमी लागत असल्याने कोणी ते काढून घेऊ शकले नाही. तथापि टिकणे म्हणजे भरभराट नव्हे. कारागिराला रंग-रसायने उधारीवर घ्यावी लागतात, माल व्यापाऱ्याच्या भावाने द्यावा लागतो. धुण्यासाठी वाहते पाणी हवे, पण क्षिप्रेचा प्रवाह इतका घटला की २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी तिच्यात सोडणारी जोडयोजना करावी लागली. यंत्रावर छापलेली नक्कल बाजारात त्याच नावाने विकली जाते.

२०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिक छापाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र हा निर्देशांक नावाचे रक्षण करतो, ग्राहक आणून देत नाही. कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली, नकलेविरुद्ध तक्रार करणारी संघटना उभी राहिली, तरच त्याचा उपयोग. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. शिंपी, धोबी, कुंभार त्यात आहेत. कापड छापणारा छीपा स्वतंत्र व्यवसाय म्हणून त्या यादीत नाही, त्याने हस्तकलेसाठीच्या वेगळ्या योजनांकडे जावे अशी व्यवस्था आहे. कोणत्या खिडकीवर जायचे हे सांगणारा माणूस नसेल तर योजना कागदावरच राहते.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाशी हे जुळते. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता सुमारे ६५ टक्के असताना मुसलमानांची ५९ टक्के होती. स्वयंरोजगारात मात्र मुसलमानांचे प्रमाण सरासरीपेक्षा अधिक होते आणि बँकांच्या कर्जात त्यांचा वाटा कमी होता. म्हणजे हुनर आहे, काम करण्याची तयारी आहे, पण त्या हुनराला कागद नाही, पत नाही, हिशेब नाही. छीपा, मोमीन, रंगारी या सर्वांची अडचण एकच आहे.

आजची निवड

आज उज्जैनमध्ये पैशाचा तिसरा ओघ आला आहे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक' प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. एकूण प्रकल्पाचा खर्च सुमारे ८५० कोटी रुपये सांगितला गेला. भाविकांची गर्दी अनेक पटींनी वाढली आहे आणि २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. दुसरीकडे, दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरअंतर्गत देवास मार्गावर नरवरजवळ विक्रम उद्योगपुरी हे सुमारे अकराशे एकरांचे औद्योगिक नगर विकसित होत आहे.

तीर्थयात्रेतून रिक्षावाला, फुलवाला, हॉटेलातील आचारी, लॉजचा नोकर यांना काम मिळते आणि या कामांत सर्व धर्मांचे लोक आहेत. हा लाभ कमी लेखण्याचे कारण नाही. पण करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, देवस्थानांची दारे बंद झाली तेव्हा एकाच ओघावर जगणाऱ्या शहरांचे काय होते हे देशाने पाहिले. अफूच्या काळातील धडा येथेही लागू पडतो.

म्हणून या दोन्ही प्रकल्पांबाबत काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. उद्योगपुरीतील कारखान्यांना मिळणाऱ्या जमिनीच्या व करांच्या सवलतींच्या बदल्यात स्थानिक तरुणांच्या प्रशिक्षणाची अट आहे काय? ते प्रशिक्षण दुसऱ्या कारखान्यात मान्य होईल असे प्रमाणपत्र देणारे आहे काय? यात्रेकरूच्या हातात जाणारे कापड भैरूगडचे आहे की सुरतेच्या यंत्राचे? जो कामगार उद्या काढला जाईल, त्याची देणी तीस वर्षे अडकू नयेत यासाठी काय व्यवस्था आहे? आणि ज्यांची घरे-दुकाने रस्ता रुंदीकरणात जातात, त्यांना रकमेबरोबर पुन्हा धंदा उभा करण्याची जागा मिळते काय?

महाविद्यालयीन शिक्षकांची भूमिका

वरील विवेचनाचा शिक्षकांशी थेट संबंध आहे. सरकारी धोरण शिक्षक ठरवीत नाहीत, पण क्षमता कशाला म्हणायचे हे वर्गात ठरते. कारागिराच्या मुलाला जेव्हा महाविद्यालयात असे शिकविले जाते की बापाचे काम म्हणजे मागासलेपण, तेव्हा एका पिढीचे ज्ञान पुसले जाते. उलट बापाचेच काम कर असे सांगणे म्हणजे त्याचे दार बंद करणे. दोहोंच्या मधला मार्ग कठीण आहे, पण आहे.

वाणिज्य विभागाने विद्यार्थ्यांकडून एका कारागीर कुटुंबाचा वर्षभराचा जमाखर्च मांडून घ्यावा. कच्चा माल, मजुरी, व्याज आणि विक्री यांचा ताळा घातला की नफा कोठे गळतो हे विद्यार्थ्याला स्वतःच दिसेल आणि त्या कुटुंबाला बँकेपुढे ठेवण्यास एक कागदही मिळेल. रसायनशास्त्र विभागाने रंगांच्या सांडपाण्याचा प्रश्न घ्यावा. भाषा विभागांनी व्यवसायाचे शब्द गोळा करावेत. ठशांची, रंगांची, हत्यारांची उर्दू, हिंदी व मराठी नावे वृद्ध कारागिरांबरोबरच जात आहेत. राज्यशास्त्राच्या वर्गात माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिण्याचा सराव होऊ शकतो. बंद गिरणीच्या कामगारांच्या देण्याची स्थिती विचारणारा अर्ज याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

समारोप

अफूच्या काळात उज्जैनला उत्पन्न मिळाले, पण निर्णय दुसऱ्याच्या हाती राहिला. गिरण्यांच्या काळात कसब मिळाले, पण ते कंपनीशी बांधले गेले आणि कंपनीबरोबर बुडाले. भैरूगडात कसब माणसाजवळ राहिले, म्हणून ते टिकले, पण त्याला पत व बाजार मिळाला नाही, म्हणून ते वाढले नाही. कसब माणसाच्या मालकीचे असावे, त्याला मान्यतेचा कागद व भांडवल मिळावे आणि निर्णयात कसबी माणसाचा वाटा असावा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच विकास टिकाऊ होतो. गरीब देशांपुढे सरकार की बाजार, लहान उद्योग की मोठे, असे वाद पुढेही चालतील आणि प्रत्येक देशाला आपल्या परिस्थितीप्रमाणे उत्तर द्यावे लागेल. उत्तर कोणतेही असो, २०२८ चा सिंहस्थ आटोपून यात्रेकरू परतल्यावर भैरूगडच्या छीप्याच्या आणि विक्रम उद्योगपुरीतील तरुण फिटरच्या हाती काय शिल्लक आहे, हे मोजण्याचे काम उज्जैनच्या आणि इतर ठिकाणच्या महाविद्यालयांनी आतापासून हाती घ्यावयास हवे.